होणे आणि सोडणे

हुशार मुलाचे कौतुक करताना आपल्याकडे एक वाक्य हमखास उच्चारले जाते : 'हा मनात आणील ते होईल.' मुलगा दहा वर्षांचा असतो तोवर या वाक्याने घरातले सगळे सुखावतात. तीस वर्षे उलटली की तेच वाक्य जरा वेगळ्या रूपात ऐकू येते : 'त्याने मनात आणले असते तर काय वाटेल ते झाला असता.' क्रियापदाचे रूप तेवढे बदलले आणि कौतुकाची हळहळ झाली. वास्तविक मधल्या काळात तो माणूस काहीतरी झालेला असतो. तो शाळेत गणित शिकवत असेल, एखाद्या कचेरीचा कारभार नेटकेपणाने पाहत असेल, चार माणसांना आधार देत असेल. पण जे झाले त्याच्यापेक्षा जे झाले नाही त्याची यादी नेहमीच लांब असते. आणि चाळिशी ओलांडल्यावर रात्री झोप आली नाही म्हणजे माणूस ही दुसरी यादीच वाचीत पडतो.

या हळहळीच्या मुळाशी एक समजूत आहे. सर्व काही होऊ शकणे हे मोठेपण, आणि काहीतरी एकच होणे ही त्या मोठेपणातून झालेली घट, असे आपण न बोलता धरून चालतो. ही समजूत कितपत खरी आहे?

प्रश्न जुना आहे. आपल्याकडच्या सांख्यांनी सांगितले की कार्य हे कारणात आधीपासूनच असते. तिळात तेल असते म्हणून तर ते निघते, वाळूतून निघत नाही. या मताप्रमाणे होणे म्हणजे आत दडलेले बाहेर येणे. तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने शक्यता आणि सिद्धी असा भेद केला आणि सिद्धीला वरचे स्थान दिले. बी झाडासाठी असते, झाड बीसाठी नव्हे, असा त्याचा रोख. दोघांच्याही विचारात एक गोष्ट मात्र फारशी पुढे येत नाही. आतले बाहेर येण्यासाठी, शक्यतेची सिद्धी होण्यासाठी, काही टाकून द्यावे लागते काय? आणि लागत असेल तर ते कोणी टाकायचे?

या जुन्या वादात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत एक अनपेक्षित साक्षीदार येऊन उभा राहिला आहे. तो म्हणजे मेंदू घडवणारी मूळपेशी. मूळपेशी म्हणजे अजून काहीच न झालेली, पण पुष्कळ काही होऊ शकणारी पेशी. 'मनात आणील ते होईल' हे वाक्य शब्दशः कोणाला लागू पडत असेल तर ते तिला. म्हणूनच ती पुढे काय करते हे पाहण्याजोगे आहे.

हे सगळ्यांत बारकाईने पाहिले गेले ते केळी पिकली की त्यांच्याभोवती घोंघावणाऱ्या चिलटांमध्ये. शास्त्रज्ञ तिला फळमाशी म्हणतात. तिच्यावर संशोधन करणाऱ्यांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि मुंबईलाही त्यात वाटा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी वास आणि चव या संवेदनांचा शोध याच माशीच्या साहाय्याने घेतला. माशीचा मेंदू खसखशीच्या दाण्याएवढा; पण तो घडण्याची रीत इतकी शिस्तीची आहे की पाहणारा थक्क होतो.

या मेंदूची मूळपेशी साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी असते. ती विभागते तेव्हा तिच्या दोन लेकी होतात, पण त्या सारख्या नसतात. एक मोठी, ती आईसारखीच मूळपेशी राहते आणि पुन्हा पुन्हा विभागत जाते. दुसरी लहान, ती एकदाच विभागते, आणि तिच्यापासून मज्जापेशी किंवा त्यांना आधार देणाऱ्या पेशी तयार होतात. त्यांचा पुढला मार्ग ठरून गेलेला असतो. आता या दोन्ही लेकींना आईकडून मिळालेली जनुके तंतोतंत एकच आहेत. वंशाचा वारसा समान, आणि नशीब मात्र निराळे. हे कशाने होते?

उत्तर प्रथिनांत आहे. जनुक हा पाककृतींच्या वहीतला मजकूर मानला तर प्रथिन हा प्रत्यक्ष शिजलेला पदार्थ. वही घरोघर एक असली तरी आज ताटात काय पडले, किती पडले आणि केव्हा पडले यावर जेवण ठरते. माशीच्या मूळपेशीत 'प्रॉस्पेरो' नावाचे एक प्रथिन असते. त्याचे जनुक 1991 साली ओळखले गेले. हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरले की विभागणी चालू ठेवणारी जनुके बंद पाडते आणि मज्जापेशी होण्यासाठी लागणारी जनुके जागी करते. थोडक्यात, 'आता पुरे, आता काहीतरी हो,' असे सांगणारे हे प्रथिन. आई ते स्वतः तयार करते, पण एरवी स्वतःच्या केंद्रकात त्याला ठरू देत नाही. विभागणीची वेळ आली की ते पेशीच्या एका कडेला चंद्रकोरीसारखे जमा होते. त्याला तिथे धरून ठेवणारे दुसरे एक प्रथिन आहे, त्याचे नाव 'मिरांडा'. मग पेशी अशी विभागते की ही सारी चंद्रकोर धाकटीच्या वाट्याला जावी. धाकटी वेगळी झाली की मिरांडा नष्ट केली जाते, प्रॉस्पेरो मोकळा होतो, केंद्रकात शिरतो, आणि तिचे 'काहीही होऊ शकणे' तिथे संपते.

शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट' नाटकात प्रॉस्पेरो हा जादूगार आहे आणि मिरांडा ही त्याची मुलगी. नाटकाच्या शेवटी हा जादूगार आपली जादू सोडून देतो आणि साधा माणूस होऊन आपल्या राज्यात परत जायला निघतो. पेशीतला प्रॉस्पेरोही तेच काम करतो. तो जादू सोडायला लावतो.

येथे एका बारकाव्याकडे लक्ष वेधले पाहिजे. धाकटीचे भवितव्य ठरण्यासाठी एक प्रथिन मिळावे लागते हे खरे, पण एक प्रथिन नष्टही व्हावे लागते. मिरांडा आपल्या जागी चिकटून राहिली तर प्रॉस्पेरो कडेलाच अडकून पडेल. पेशी ही साठवणीपेक्षा आवरासावरीवर चालते. दिवाळीच्या आधी माळा आवरताना आपण ठेवायच्या आणि टाकायच्या वस्तू वेगळ्या करतो, तशी प्रत्येक पेशी ही निवड अखंड करत असते. पुष्कळदा टाकायच्या प्रथिनाला युबिक्विटिन नावाची खूणचिठ्ठी लावली जाते आणि चिठ्ठी लागलेले प्रथिन मोडून टाकणाऱ्या यंत्रणेकडे रवाना होते. या यंत्रणेच्या शोधाबद्दल 2004 साली सिचॅनोव्हर, हर्शको आणि रोझ या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोडणे हेही घडवण्याइतकेच मोलाचे काम आहे, याला मिळालेली ही मान्यता म्हणायची.

आता उलट बाजू पाहू. धाकटीला प्रॉस्पेरो मिळालाच नाही तर? आपल्या हळहळ करणाऱ्या मनाला वाटेल, बरे झाले; तिच्या शक्यता शाबूत राहिल्या. 2005 साली कोसिनुस आणि गोन्सालेस या दोघा संशोधकांनी हे पडताळून पाहिले. प्रॉस्पेरो किंवा मिरांडा यांचे जनुक बिघडलेल्या अळ्यांच्या मेंदूचे लहान तुकडे त्यांनी प्रौढ माश्यांच्या पोटात बसवले. ते तुकडे शंभरपटींहून अधिक वाढले, इतर अवयवांत घुसले आणि दोन आठवड्यांत त्यांनी माश्यांचे प्राण घेतले. एका माशीतून काढून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असे ते पुढे वर्षानुवर्षे वाढवत नेता आले. काहीही होण्याचे नाकारणारी पेशी अमर झाली, आणि जिथे जिथे गेली ते घर तिने मोडले.

ययातीची गोष्ट आपल्या परिचयाची आहे. म्हातारपण नको म्हणून त्याने मुलाचे तारुण्य मागून घेतले. पण भोगाने भोगाची इच्छा शमत नाही हे उमगल्यावर त्याने ते मुलाला परत केले. अर्बुदाच्या पेशीला हे उमगणे नाही. ती ज्याच्या देहावर जगते त्याचे आयुष्य घेतच राहते. न संपणारे तारुण्य म्हणजे काय याचे इतके स्पष्ट चित्र पुराणांनीही काढलेले नाही.

आणखी एक शोध मला याहूनही विचार करायला लावणारा वाटतो. एकदा मज्जापेशी झाली म्हणजे सुटलो, असे नसते. 'लोला' या नावाचे एक प्रथिन आहे. केंब्रिजमधील संशोधकांनी 2014 साली दाखवले की माशीच्या मेंदूतल्या काही भागांत हे प्रथिन नसेल तर तयार झालेल्या मज्जापेशी उलट्या पावलांनी पुन्हा मूळपेशी होऊ लागतात आणि अर्बुदाची सुरुवात होते. म्हणजे जे सोडले ते एकदाच सोडून भागत नाही; सोडलेलेपण राखावे लागते. लग्न, व्यवसाय, श्रद्धा यांविषयी वडीलधारी माणसे नेमके हेच सांगत आलेली नाहीत काय? निर्णय एका दिवशी होतो, पण तो रोज नव्याने पाळावा लागतो.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, प्रश्न मिटला. काहीतरी व्हा, लवकर व्हा, ठाम व्हा. पण साक्षीदाराची साक्ष अजून पुरी झालेली नाही. मोठी लेक मूळपेशीच राहिली, ती कशासाठी? सगळ्याच पेशींनी पहिल्याच दिवशी मज्जापेशी व्हायचे ठरवले असते तर मेंदू झालाच नसता. कोणीतरी मागे राहावे लागते, म्हणून पुढे पाठवता येते. तेही कायमचे नव्हे. 2008 साली लंडनमध्ये झालेल्या संशोधनातून दिसले की माशी कोशात असताना एक वेळ अशी येते की काही मूळपेशींच्या स्वतःच्या केंद्रकातही प्रॉस्पेरो शिरतो आणि त्यांचे विभागणे थांबते. इतके दिवस जे लेकींना दिले ते आई शेवटी स्वतः घेते. कोणाला केव्हा थांबायचे याला घड्याळ आहे, आणि ते सर्वांसाठी एकाच वेळी टोल देत नाही.

उंदराच्या मेंदूत ही गोष्ट अधिक नाजूक होते. स्मरणाशी संबंध असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात प्रौढ वयातही काही मूळपेशी असतात. उंदीर-घुशींच्या प्रौढ मेंदूत नव्या मज्जापेशी जन्मतात हे जोसेफ ऑल्टमन यांनी 1960 नंतरच्या दशकात दाखवले, आणि बराच काळ कोणी ते फारसे मनावर घेतले नाही. या मूळपेशी बहुतेक वेळ निजलेल्या असतात. त्यांना जागे करणारे एक प्रथिन आहे, ॲस्कल-1. लंडनमधील फ्रान्स्वा गिलेमो यांच्या गटाने 2016 साली दाखवले की जागी झालेली पेशी पुन्हा निजायची असेल तर हे प्रथिन मोडावे लागते, आणि त्याला मोडीची चिठ्ठी लावण्याचे काम हुवे-1 हे दुसरे प्रथिन करते. हुवे-1 नसेल तर पेशी जागीच राहते, विश्रांतीला परतू शकत नाही, आणि अशा मूळपेशींचा साठा कालांतराने आटत जातो.

विश्रांतीलाही कष्ट पडतात, हे यातून दिसते. आपण झोपेला, रिकामपणाला, काही न करण्याला पोकळी समजतो. पेशीच्या जगात ते राखून ठेवलेले धन आहे, आणि ते राखण्यासाठी जागवणाऱ्याला वेळच्या वेळी बाहेर काढावे लागते. ज्या मुलाच्या दिवसातला प्रत्येक तास शिकवण्या, स्पर्धा आणि छंदवर्ग यांनी भरून गेलेला असतो, त्याच्याबाबतीत त्याच्या पालकांनी हे जरूर आठवावे. सतत जागे ठेवलेले कर्तृत्व लवकर संपते.

येथवर पेशीचे बोट धरून चालणे सोपे होते. येथून पुढे सावध राहिले पाहिजे. कारण ही सारी हकिगत ऐकून एखादा चतुर माणूस उठेल आणि म्हणेल, 'पाहा, निसर्गातच वाटणी विषम आहे. एकीने राहायचे, एकीने जायचे, हे जन्माच्या क्षणी आई ठरवते. मग समाजात जन्मावरून जागा ठरली तर बिघडले कोठे? थोरल्याने शिकायचे आणि धाकट्याने शेत पाहायचे, मुलाने विलायतेला जायचे आणि मुलीने चूल सांभाळायची, यात सृष्टिक्रमच आहे.' या देशात असे वकील कधी कमी पडले नाहीत. पेशीचा दाखला त्यांना आयता मिळेल.

त्यांना द्यायचे उत्तर पेशीतच आहे. पेशीची विषम वाटणी आपल्याला खुपत नाही, कारण पेशीला स्वतःचे सुखदुःख नाही. तिचे सारे असणे ज्या एका देहासाठी आहे, तो देह भुकेला होतो, भितो, आनंदतो. माणूस हा समाजाच्या देहातली पेशी नव्हे. समाजाला भूक लागत नाही, भूक लागते ती माणसाला. समाज रडत नाही, त्यातली माणसे रडतात. म्हणून देहासाठी पेशी खर्ची पडली तर त्याला वाढ म्हणतात, आणि समाजासाठी वा घराण्यासाठी माणूस त्याला न विचारता खर्ची घातला तर त्याला अन्याय म्हणतात. दोहोंची रचना सारखी दिसते, पण दोहोंमधले अंतर जमीनअस्मानाचे आहे.

आपल्या मध्यमवर्गीय घरांच्या इतिहासात असा खर्च फार झाला आहे. भावंडांची शिक्षणे व्हावीत म्हणून नोकरीला लागलेली आणि मग लग्नाचे वय उलटून गेलेली थोरली बहीण आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असेल. तिच्यावर कथा लिहिल्या गेल्या, तिच्या त्यागाचे गोडवे गायले गेले. पण तिला कोणी विचारले होते काय? विचारले असते आणि ती हो म्हणाली असती, तर तो त्याग. न विचारता चंद्रकोर दुसऱ्याच्या वाट्याला सरकवली गेली असेल, तर त्याला हिरावणे म्हणतात. आणि हिरावण्याला त्याग म्हणून गौरवणे हा दुसरा अन्याय. घरासाठी तिने जे केले ते थोर होतेच. पण त्या थोरपणाचे श्रेय तिचे आहे, ज्यांनी तिला गृहीत धरले त्यांचे नाही.

मूळ प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. काहीतरी होण्यासाठी पुष्कळ काही सोडावे लागते, आणि त्यात घट नाही. जे काहीच सोडत नाही ते वाढते, पण घडत नाही. मात्र पेशीचे सोडणे तिला वाट्याला येते, माणसाचे सोडणे त्याचे त्याने करायचे असते. हातातून निसटलेली शक्यता आणि हाताने सोडलेली शक्यता या बाहेरून सारख्याच दिसतात. रात्री झोप न येणाऱ्या माणसाने आपल्या यादीवर एकदा खुणा करून पाहाव्यात : यातले मी सोडले काय, आणि माझ्याकडून काढून घेतले गेले काय? पहिल्या प्रकारच्या गोष्टींसाठी हळहळण्याचे कारण नाही. आज तो जे आहे त्याचा पाया त्यांच्या जागी घातला गेला आहे. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींसाठी मात्र दुःख करणे रास्त आहे. त्या दुःखाचा उपयोग एवढाच, की आपल्या मुलाच्या वाट्याला आपण काय सरकवतो आहोत याकडे लक्ष जावे.

मज्जापेशीने विभागणे सोडले त्या बदल्यात तिला काय मिळाले, हेही सांगितले पाहिजे. 1955 ते 1963 या काळात वातावरणात केलेल्या अणुस्फोटांमुळे हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण वाढले आणि पुढे ते हळूहळू उतरत गेले. कोणती पेशी केव्हा जन्मली याची नोंद त्यामुळे आपल्या देहातच राहून गेली. स्टॉकहोममधील योनास फ्रिसेन यांच्या गटाने 2006 साली ती नोंद वाचली. मेंदूच्या ज्या बाह्यकाला आपण विचाराचे आसन समजतो, त्यातल्या मज्जापेशी माणसाच्या वयाएवढ्याच वयाच्या निघाल्या. रक्तातल्या पेशी बदलतात, कातडी बदलते, आतड्याचे अस्तर काही दिवसांत नवे होते. या पेशी मात्र आपल्याबरोबर जन्मल्या आणि आपल्याबरोबर म्हाताऱ्या होतात. सतत नवे होत राहण्याचा मोह त्यांनी सोडला, आणि त्या सोबतीला राहिल्या. ऐंशीव्या वर्षी कोणाला आपल्या आईची हाक आठवत असेल, तर ती आठवण अशाच पेशींच्या आधाराने टिकलेली असते. शंभर गोष्टी होऊ शकणाऱ्या पेशीला ती हाक सांभाळता आली नसती.